खोटा रोगी, खरी विद्या

वर्गात गणित चुकले की फळा पुसता येतो. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर दुसरी आणता येते. सुताराच्या हाताखालचा मुलगा पहिल्या दिवशी रंधा वाकडा मारतो, तेव्हा लाकडाचा एक तुकडा वाया जातो, इतकेच. शिकणे म्हणजे करून पाहणे, चुकणे, चूक कोणीतरी दाखवून देणे आणि पुन्हा करून पाहणे. हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पण ज्या विद्येत चुकीची किंमत समोरच्या माणसाला वेदनेने, प्रसंगी प्राणाने मोजावी लागते, ती विद्या शिकवायची कशी? पहिले इंजेक्शन, पहिला टाका, पहिले बाळंतपण अशी ‘पहिली वेळ’ प्रत्येक डॉक्टरच्या आयुष्यात येतेच. ती कोणाच्या अंगावर यावी?

आज वैद्यकीय महाविद्यालयांत संगणकाने चालणारे पुतळे आहेत, पडद्यावर उलगडणारी आभासी शरीरे आहेत, शेकडो कोस दूरची शस्त्रक्रिया वर्गात दाखवणारी जाळी आहेत. या यंत्रांची नवलाई वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. आम्हाला त्यांच्याकडे वरील प्रश्नाच्या अंगाने पाहावेसे वाटते. शिकणाऱ्याची चूक रोग्याच्या अंगावरून उचलून दुसऱ्या कशावर तरी ठेवण्याची जी दीर्घ खटपट माणसाने केली, तिचा हा इतिहास आहे. तो संगणकाच्या फार आधी सुरू होतो.

कोहळा, कमळाचा देठ आणि मेणाची फळी

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा नववा अध्याय केवळ सरावासाठी राखून ठेवला आहे. सरावाला तिथे ‘योग्या’ म्हटले आहे. शिष्य सारे शास्त्र शिकला, तरी त्याने योग्या केली नसेल तर तो कामास अयोग्य, असे ग्रंथकार बजावतो आणि लगेच सरावाचे साहित्य सांगतो. ही यादी मुळातून पाहण्याजोगी आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कालिंगड, काकडी यांवर करावा. फोडण्याचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा सराव केस असलेल्या ताणलेल्या कातड्यावर. शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. जखमेचा खोल मार्ग शोधण्यासाठी किड्यांनी पोखरलेले लाकूड. रुतलेली वस्तू बाहेर काढण्यासाठी फणसाचा किंवा बेलाचा गर आणि मेलेल्या जनावरांचे दात. स्राव वाहू देण्यासाठी मेण फासलेली सावरीची फळी. शिवण्यासाठी पातळ व जाड कापडाच्या कडा आणि मऊ कातडे. पट्ट्या बांधण्यासाठी तर माणसाच्या आकाराचा पुतळाच करावा, असे सांगितले आहे.

या यादीतली खुबी लक्षात घ्या. कोहळा माणसाच्या शरीरासारखा मुळीच दिसत नाही. पण शस्त्र किती दाबले म्हणजे साल कापली जाते आणि गर दुखावत नाही, ही एकच गोष्ट तो चांगली शिकवतो. कमळाचा देठ शिरेसारखा दिसावा अशी अपेक्षा नाही. तो आतून पोकळ आहे आणि हाताला तसा लागतो, एवढे पुरे. ग्रंथकाराने आधी शस्त्रकर्माचे आठ प्रकार पाडले, प्रत्येकात हाताला नेमके काय कळले पाहिजे ते ठरवले आणि मग त्याला साजेशी वस्तू शोधली. पुढे आपण अब्जावधी रुपयांची यंत्रे पाहणार आहोत. त्यांची परीक्षा घेताना ही कसोटी हाताशी ठेवू.

मादामचे यंत्र

आता एकदम अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये जाऊ. खेड्यापाड्यांत बाळंतपणात आई आणि मूल दगावण्याचे प्रमाण मोठे होते. राजाला सैन्यासाठी आणि शेतीसाठी माणसे हवी होती. १७५९ साली पंधराव्या लुईने आंजेलिक द्यू कुद्रे या पॅरिसमधील प्रशिक्षित सुईणीला देशभर फिरून सुईणी तयार करण्याचे काम दिले. पुढची सुमारे पंचवीस वर्षे ही बाई गावोगाव फिरत राहिली आणि तिने हजारो बायकांना शिकवले.

तिच्यापुढची अडचण आपल्यातील अनेकांच्या ओळखीची आहे. तिच्या बहुतेक विद्यार्थिनींना वाचता येत नव्हते. पुस्तक तिने लिहिले होते, पण नुसत्या पुस्तकाने भागणार नव्हते. आणि बाळ आडवे आले तर काय करायचे, हे शिकवण्यासाठी आडवे आलेले बाळंतपण वर्ग भरण्याच्या वेळी हजर राहील, याचा काय भरवसा? म्हणून तिने कापड, कातडे आणि कापूस वापरून बाईच्या कमरेखालच्या भागाची प्रतिकृती केली. तिला ती ‘यंत्र’ म्हणे. आत बाळाची बाहुली बसवलेली असे. बाळ डोक्याकडून, पायाकडून, आडवे असे हवे तसे ठेवता येई. पट्टे आणि दोऱ्या ओढून वाट कमीजास्त आवळता येई. स्पंजात रंगीत पाणी भरून योग्य वेळी ‘रक्त’ आणि ‘गर्भजल’ सोडता येई.

यंत्राची मोठी सोय म्हणजे दुर्मीळ प्रसंग हुकमी घडवता येणे. प्रत्यक्षात शंभरांत तीन-चार वेळा दिसणारे पायाळू बाळ या वर्गात एका सकाळी दहा वेळा जन्माला येई, आणि दहाही वेळा चुकले तरी कोणी रडत नसे. आजच्या संगणकी पुतळ्याच्या बाजूने जो मुख्य युक्तिवाद केला जातो, तो हाच.

तिच्या यंत्रांपैकी एक आज फ्रान्समधील रुआँ येथील संग्रहालयात आहे. त्याची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा आत खऱ्या तरुण स्त्रीच्या कटिभागाची हाडे असल्याचे दिसले. प्रतिकृतीच्या पोटात खरे माणूस होते. ही गोष्टही ध्यानात ठेवू; ती पुन्हा भेटणार आहे.

गरिबांचे अंग

एकोणिसाव्या शतकात वैद्यकशिक्षण रुग्णालयांत स्थिरावले. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाच्या जोडीने उभे राहिले, तेही याच नमुन्यावर. खाटेवरचा रोगी हाच पाठ्यपुस्तक झाला. यातून वैद्यकाची प्रचंड प्रगती झाली हे निर्विवाद. पण धर्मार्थ रुग्णालयात कोण येतो? ज्याला घरी डॉक्टर बोलावणे परवडत नाही, तो. विद्यार्थ्यांच्या पहिल्या चुका त्याच्या वाट्याला आल्या. मेल्यावरही तेच. शवच्छेदनासाठी बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद आपल्याकडे १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने केली. बेवारस म्हणजे बहुधा गरीब, हे सांगायला नको. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढत गेली, पण भार बराच काळ एकाच वर्गाने वाहिला.

‘एकदा पाहा, एकदा करा, मग शिकवा’ ही त्या काळातील शल्यशिक्षणाची म्हण इंग्रजी मुलुखातून आपल्याकडेही आली. पाहण्याच्या आणि करण्याच्या मधे सरावाची पायरी असावी, असे सुश्रुताने सांगितले होते. ती गळून पडली होती. ती पुन्हा बसवण्याची प्रेरणा वैद्यकाच्या बाहेरून आली, विमानविद्येकडून.

ऑर्गनच्या भात्यावरचे विमान

अमेरिकेतील एडविन लिंक हा ऑर्गन तयार करणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. विमान शिकण्याचा खर्च फार, म्हणून १९२९ साली त्याने ऑर्गनमधले हवेचे भाते वापरून जमिनीवरच डोलणारी, कलणारी विमानाची पेटी बनवली. सुरुवातीला जत्रेतला पाळणा म्हणूनच लोक तिच्याकडे पाहत. १९३४ मध्ये अमेरिकेत टपाल वाहण्याचे काम लष्करी वैमानिकांकडे आले. ढगांत आणि अंधारात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा त्यांना सराव नव्हता. काही आठवड्यांत बारा जण मेले. मग लष्कराने लिंककडून सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या पेट्यांत बसून उडायला शिकले.

वैमानिकांनी हे शिक्षण इतक्या लवकर का स्वीकारले आणि डॉक्टरांनी इतक्या उशिरा का? याचे एक उत्तर कडवट आहे. विमानात चूक झाली तर करणारा स्वतः मरतो. शस्त्रक्रियेत करणारा घरी जातो.

नॉर्वेची बाहुली आणि लॉस एंजलिसचा पुतळा

१९५० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोर येथे भूलतज्ज्ञ पीटर साफार यांनी दाखवून दिले की श्वास थांबलेल्या माणसाचे डोके मागे झुकवून तोंडाने हवा फुंकली तर तो जगू शकतो. १९६० मध्ये त्याच शहरातील कौवेनहोवन, जूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता हे लाखो लोकांना शिकवायचे कसे? धडधाकट माणसाच्या छातीवर हा सराव करणे धोक्याचे.

नॉर्वेतील स्तावांगर गावच्या आस्मुंड लेर्डाल या खेळणीवाल्याने ते मनावर घेतले. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवण्यात तो तरबेज होता. १९६० साली त्याने पूर्ण मापाची बाहुली तयार केली. डोके मागे झुकवले नाही तर तिच्या घशातून हवा जात नाही. नीट झुकवले की छाती वर येते. साफार यांच्या सूचनेवरून छातीत स्प्रिंग बसवली, म्हणजे दाबण्याचाही सराव होऊ लागला. बाहुलीला ना डोळ्यांची हालचाल, ना रक्त, ना संगणक. पण शिकणाऱ्याचे बरोबर की चूक याचे उत्तर ती त्याच क्षणी देत होती. ती जगभर गेली आणि तिची सुधारलेली रूपे आजही शिकवत आहेत.

तिचा चेहरा मात्र एका मृत मुलीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एका अनोळखी तरुणीच्या चेहऱ्याचा साचा घेतला गेला, आणि त्याच्या प्रती युरोपभर घरांच्या भिंतींवर लागल्या. ती सेन नदीत बुडाली होती अशी कथा सांगितली जाते. तशी एक प्रत लेर्डालने नातलगांच्या घरी पाहिली होती.

याच दशकात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, अगदी वेगळा पुतळा जन्माला आला. स्टीफन अब्राहमसन हे शिक्षणशास्त्रज्ञ आणि जडसन डेन्सन हे भूलतज्ज्ञ. या जोडीने १९६७ साली ‘सिम वन’ दाखवला. त्याची छाती श्वासाबरोबर हाले, पापण्या लवत, बाहुल्या लहानमोठ्या होत, नाडी आणि रक्तदाब एकमेकांशी जुळते असत. शिरेतून दिलेली चार औषधे आणि हुंगवलेले दोन वायू यांना तो प्रतिसाद देई. औषधाची मात्रा किती, हे संगणकाला कळे. दहा प्रशिक्षणार्थी डॉक्टरांवर एक छोटा प्रयोग झाला. पाच जण पुतळ्यावर शिकले, पाच नेहमीच्या रीतीने. पुतळ्यावर शिकलेले श्वासनलिकेत नळी घालण्यात लवकर तयार झाले, आणि तयार होईपर्यंत त्यांना खऱ्या रोग्यांवर कमी प्रयत्न करावे लागले.

इतके असून सिम वन एकच बनला. त्या काळचा संगणक खोलीभर मोठा आणि भारी किमतीचा. दुसरे विद्यापीठ तो घेणार कुठून? १९६८ मध्ये मायामीच्या मायकेल गॉर्डन यांनी ‘हार्वी’ हा हृदयरोगांचा पुतळा आणला. त्याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून वेगवेगळ्या झडपांच्या बिघाडांचे आवाज ऐकता येत. तो टिकला, कारण तो एकच काम करत होता आणि ते चोख करत होता. खेळणीवाल्याची बाहुली आणि हार्वी राहिले, सर्वांत हुशार पुतळा मागे पडला. यंत्र किती गोष्टी करते यापेक्षा कोणती गोष्ट शिकवते हे महत्त्वाचे, हा धडा इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

माणूस आकड्यांत

१९८० च्या दशकात संगणक स्वस्त झाले आणि पुतळे परत आले. स्टॅनफर्डचे डेव्हिड गाबा यांनी शस्त्रक्रियागृहच उभे करून त्यात अचानक संकटे घडवली आणि सगळ्या चमूला एकत्र शिकवले. ही कल्पना त्यांनी वैमानिकांच्या प्रशिक्षणातून घेतली होती. दरम्यान दुसरी एक वाट निघाली होती. पुतळाच नको, शरीर थेट संगणकात भरले तर?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने हे काम कोलोरॅडो विद्यापीठाकडे सोपवले. एका पुरुषाचा मृतदेह गोठवण्यात आला आणि त्याचा एकेक मिलिमीटर जाडीचा थर खरवडून, उघड्या पडलेल्या प्रत्येक पृष्ठभागाचे छायाचित्र घेतले गेले. असे १८७१ काप झाले. नोव्हेंबर १९९४ मध्ये ही सामग्री इंटरनेटवर उपलब्ध झाली. वर्षभराने एका स्त्रीची सामग्री आली. तिचे काप एक तृतीयांश मिलिमीटरचे, म्हणजे पाच हजारांहून अधिक.

येथे वरच्या वर्गांसाठी एक चांगले गणित आहे. पुरुषाच्या प्रत्येक छायाचित्रात २०४८ गुणिले १२१६ बिंदू आहेत आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे ७५ लाख बाइट, आणि १८७१ चित्रांना सुमारे १४ अब्ज बाइट. इतर स्कॅन मिळून एकूण १५ अब्ज. १९९४ साली टेलिफोनच्या तारेवर चालणारा मोडेम सेकंदाला १४,४०० बिट आणत असे. १५ अब्जाला ८ ने गुणून १४,४०० ने भागा आणि सेकंदांचे दिवस करा. उत्तर येते सुमारे ९६ दिवस. अखंड, तार एकदाही न तुटता! आज हीच सामग्री बऱ्यापैकी जोडणीवर तासाभराच्या आत उतरते. शरीर जगभर पाठवण्याची कल्पना तारेच्या पुढे धावत होती. तारेला तिच्या बरोबरीने यायला वीस वर्षे लागली.

या सामग्रीतून आभासी शवच्छेदनाचे कितीतरी कार्यक्रम तयार झाले. रक्तवाहिनीच्या आतून प्रवास करावा, स्नायू बाजूला सारावेत, परत जागेवर ठेवावेत. खऱ्या प्रेतावर हे एकदाच करता येते. पण तो पुरुष कोण होता? टेक्सासमध्ये १९९३ साली विषारी इंजेक्शनने मृत्युदंड दिलेला, ३९ वर्षे वयाचा कैदी. त्याने देहदान केले होते. तरीही मृत्युदंडाच्या छायेत दिलेल्या संमतीला किती अर्थ मानायचा, हा वाद तेव्हा झाला आणि तो योग्यच होता. द्यू कुद्रेच्या यंत्रात कोणा स्त्रीची हाडे, नॉर्वेच्या बाहुलीवर अनोळखी मुलीचा चेहरा, संगणकात कैद्याचे शरीर. आभासी म्हणतो त्याच्या मुळाशी प्रत्येक वेळी कोणीतरी खरे माणूस आहे, आणि बहुधा ज्याला कोणी विचारले नाही किंवा विचारले तेव्हा नाही म्हणण्याची ज्याची स्थिती नव्हती, असे.

उपयोग होतो का?

नवे साधन चांगले दिसते म्हणून ते चांगले शिकवते असे नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकसंस्थेने एक अहवाल काढला. तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसे मरत असावीत, असा त्याचा अंदाज. सरावयंत्रांचा वापर वाढवावा, अशी शिफारसही त्यात होती. मग पुराव्याची मागणी वाढली.

२००२ साली येल विद्यापीठातील प्रयोग प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया शिकणारे १६ निवासी डॉक्टर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटाला नेहमीचे शिक्षण, दुसऱ्याला शिवाय आभासी यंत्रावर सराव. सराव किती तास, असे ठरवलेले नव्हते. अनुभवी सर्जन त्या यंत्रावर ज्या पातळीला पोहोचतात ती गाठेपर्यंत सराव, असा नियम होता. नंतर सर्वांनी खऱ्या रोग्यांवर शस्त्रक्रिया केली आणि कोण कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी चित्रफिती तपासल्या. सराव केलेल्यांनी काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती.

आणि त्या यंत्राच्या पडद्यावर काय दिसत होते? पित्ताशय नव्हे, यकृत नव्हे. साधे गोळे आणि चौकटी! गोळा चिमट्यात पकडा, दुसऱ्या हातात द्या, नेमक्या ठिपक्यावर टेकवा.

त्याच वर्षी टोरांटोहून आणखी एक निष्कर्ष आला. मूत्रमार्गातून दुर्बीण घालण्याचे कौशल्य शिकवण्यासाठी ३७०० डॉलरची हुबेहूब प्रतिकृती आणि रबरी नळी, उलटा पेला आणि पेय पिण्याच्या नळ्या यांपासून २० डॉलरमध्ये केलेले साधन, यांची तुलना ४० विद्यार्थ्यांवर केली गेली. हाताने शिकलेले दोन्ही गट नुसते व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा सरस ठरले, आणि दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही. कोहळा आणि कमळाचा देठ पुन्हा खरे ठरले.

म्हणजे महाग यंत्रे निरुपयोगी, असे नव्हे. भूल देताना रक्तदाब एकाएकी कोसळला तर चमूने काय करावे, हे उलट्या पेल्यावर शिकवता येणार नाही. तिथे सिम वनचे वारसच हवेत. काय शिकवायचे ते आधी ठरवावे आणि साधन मग निवडावे, एवढाच याचा अर्थ. खरेदी आधी आणि हेतू नंतर असे झाले की महागडा पुतळा कुलूपबंद खोलीत धूळ खातो.

तारेने काय जाते, काय राहते

आता जाळ्याची गोष्ट. अमेरिकेतील नेब्रास्का मानसोपचार संस्थेत १९५९ साली दुतर्फी दूरचित्रवाणीवरून विद्यार्थ्यांना रोगी दाखवून शिकवले जाऊ लागले. १९६४ मध्ये सुमारे १८० किलोमीटर दूरचे रुग्णालय तिला जोडले गेले. आपल्याकडे इस्रोने २००१ पासून उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचे प्रयोग केले आणि २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठीचा ‘एड्युसॅट’ उपग्रह सोडला. २०१० पर्यंत तो सेवेत होता.

उपग्रहाने व्याख्यान उत्तम जाते. पण हाताचे काम? इथे भौतिकशास्त्र आडवे येते. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचावर. विद्यार्थ्याचा प्रश्न वर जाऊन खाली येतो, शिक्षकाचे उत्तरही वर जाऊन खाली येते. एकूण १ लाख ४४ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने सुद्धा जवळजवळ अर्धा सेकंद. बोलताना तो चालून जातो. शस्त्र हाती असताना नाही.

७ सप्टेंबर २००१ रोजी शल्यविशारद जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील ६८ वर्षांच्या बाईंचे पित्ताशय यंत्रमानवाच्या हातांनी काढले. त्यासाठी समुद्राखालील प्रकाशतंतूची खास राखून ठेवलेली वाट घेतली होती. जाऊन-येऊन १४ हजार किलोमीटर. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे प्रवासाला ७० मिलिसेकंद. चित्रांचे संकेतात रूपांतर व इतर खटपट धरून एकूण विलंब सरासरी १५५ मिलिसेकंद. आधीच्या चाचण्यांत सुमारे ३३० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब चालण्याजोगा दिसला होता. शस्त्रक्रिया ५४ मिनिटांत निर्विघ्न पार पडली. तरी स्ट्रासबूर्गमध्ये रोग्याजवळ सर्जन उभे होतेच.

विलंबाचा अनुभव वर्गात सहज देता येतो. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधा आणि हाती पेन्सिल द्या. दुसऱ्याने ‘डावीकडे, उजवीकडे, थांब’ असे सांगत त्याला वर्तुळावरून रेघ गिरवायला लावावी. मग तिसरा विद्यार्थी मधे बसवा. त्याने प्रत्येक सूचना ऐकून, मनात ‘एक’ म्हणून मगच पुढे सांगावी. दोन्ही रेघा शेजारी ठेवा. दूरशस्त्रक्रियेची अडचण मुलांना लगेच कळेल.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाविद्यालये बंद झाली, आणि जाळ्याची एक मोठी परीक्षा जगभर एकाच वेळी झाली. व्याख्याने गेली, चित्रे गेली, चर्चाही गेल्या. नाडी पाहणे, पोट चाचपणे, घाबरलेल्या रोग्याशी बोलणे मागे राहिले. आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळेला जागा दिली आहे, तिचे महत्त्व या काळात अधिकच कळले. ज्ञान तारेवरून जाते. हात मात्र जागच्या जागीच तयार करावे लागतात.

बेळगावचे बाळ

शेवटी आपल्या जवळचे उदाहरण. २०१० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जन्मताच न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देण्याचे सोपे प्रशिक्षण सुरू केले. त्यासाठीची बाहुली लेर्डालच्याच कंपनीने बनवली. तिच्यात कोमट पाणी भरले की ती नवजात बाळाएवढी जड आणि उबदार लागते. रबरी फुगा दाबून शिक्षक तिच्या नाळेची नाडी चालवतो, छाती हलवतो. वीज लागत नाही, संगणक लागत नाही, घडी करून पिशवीत मावते.

बेळगाव परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि रुग्णालये यांतील ५९९ परिचारिका, डॉक्टर आदींना हे प्रशिक्षण दिले गेले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधीच्या ४१८७ आणि नंतरच्या ५४११ जन्मांची तुलना केली होती. ‘जन्मतःच मृत’ म्हणून नोंदलेल्यांपैकी अगदी थोड्या वेळापूर्वी गेलेल्या बाळांचे प्रमाण हजारी १७ वरून ९ वर आले. यांतली काही बाळे मेलेली नसतात. फक्त श्वास घेत नसतात, आणि प्रयत्न न करताच त्यांची नोंद मृत अशी होते. जन्मानंतरच्या महिन्याभरातील मृत्यूंचे प्रमाण मात्र बदलले नाही; त्यामागची कारणे वेगळी आहेत आणि बाहुली त्यांवर इलाज नव्हे. आधी-नंतरच्या तुलनेतून सारे श्रेय एका प्रशिक्षणाला देता येत नाही, हेही खरे. पण दिशा स्पष्ट आहे.

द्यू कुद्रेच्या कापडी यंत्राची ही बाहुली थेट नात शोभते. वाचता न येणाऱ्या सुईणीपासून आरोग्य केंद्रातील परिचारिकेपर्यंत सूत्र तेच आहे: नेमकी एक कृती, ताबडतोब कळणारी चूक आणि पुन्हा करण्याची मुभा. आभासी जगाची साधने यापुढे झपाट्याने सुधारतील, डोळ्यांवर चढवायच्या पडद्यांतून संपूर्ण शस्त्रक्रियागृह दिसेल. तेव्हाही त्यांना विचारायचे प्रश्न हेच राहतील. हे साधन हाताला नेमके काय शिकवते? चूक झाली हे शिकणाऱ्याला केव्हा कळते? आणि त्या चुकीची किंमत आता कोणीच मोजत नाही, की ती केवळ आपल्या नजरेआड गेली आहे?